आसावरीच्या नावानं आंघोळ

जगन्नाथराव मोघ्यांना बहीण नाही, ही गोष्ट मिशिगन राज्यातल्या ट्रॉयमधल्या सगळ्या मराठी मंडळींना ठाऊक होती. म्हणजे होती एक, पण लहानपणीच गेली, असं ते सांगत. कशानं गेली असं कोणी खोदून विचारलंच, तर "तापानं" म्हणत आणि चहाचं बघायला उठत. ज्या बायकांचे भाऊ पुण्या-नागपूरकडे राहिले होते, त्या भाऊबीजेला मंडळाच्या हॉलमध्ये जगन्नाथरावांना पाटावर बसवून ओवाळायच्या. आणि हा गृहस्थ डोक्यावर टोपी चढवून, डोळ्यांत पाणी आणून ओवाळून घ्यायचा. बायकांना वाटे, बिचाऱ्याला बहिणीची आठवण येते. येतही असेल, कोण जाणे. पण ती बहीण त्याच वेळी त्याच राज्यात, गाडीनं तीन तासांच्या अंतरावर धडधाकट वावरत होती, हे जगन्नाथरावांना पक्कं माहीत होतं. त्यांच्या पत्नीला, शुभाताईंनाही माहीत होतं. त्या चार वर्षांपूर्वी गेल्या, आणि मग ते माहीत असलेलं एकच माणूस उरलं.

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी सकाळी फोन वाजला. पलीकडे कोणीतरी म्हातारा अमेरिकन होता, घसा बसलेला. हल्ली म्हाताऱ्यांना फोनवरून गंडवणारे फार, म्हणून जगन्नाथराव ठेवणारच होते. तेवढ्यात तो म्हणाला, "तुम्ही आसाचे भाऊ ना? आसावरीचे?"

एवढ्या वर्षांत ते नाव त्यांच्या घरात कोणी उच्चारलं नव्हतं. जगन्नाथराव खुर्चीवर बसले.

त्या माणसाचं नाव डेल. त्यानं घाईघाईनं सगळं सांगितलं. महिन्यापूर्वी आसावरीला स्ट्रोक झाला. डॉक्टरांनी हात टेकले, म्हणून आता घरीच ठेवलंय, नर्स येऊन बघून जाते. उजवी बाजू गेली आणि इंग्रजी पार पुसलं गेलं, एक शब्दसुद्धा उरला नाही. "ती बोलते," डेल म्हणाला, "पण आमच्यापैकी कोणालाच ते कळत नाही. नर्सनं तिच्या एका इंडियन मैत्रिणीला ऐकवलं. ती म्हणाली, ही मराठी असावी. एक शब्द सारखा येतो. दादा. त्याचा अर्थ मोठा भाऊ, असं ती म्हणाली. खरं का?"

"खरं," जगन्नाथराव म्हणाले.

"तिच्या बायबलमध्ये तुमचा फोटो सापडला. पेपरातून कापलेला, दिवाळीच्या कार्यक्रमाचा. खाली नाव होतं. तुम्ही या. फार दिवस नाहीत."

जगन्नाथरावांचं वय एकोणऐंशी. मोतीबिंदूनंतर हायवेवर गाडी न्यायला मुलानं बंदी घातलेली. मुलाला सांगावं, तर आधी बावन्न वर्षांचं खोटं कबूल करावं लागणार. म्हणून त्यांनी नातीला फोन केला. अनया पंचवीस वर्षांची, फिजिकल थेरपिस्ट, बुधवारी तिला सुट्टी असे. "एका ठिकाणी जायचंय, लांब आहे," एवढंच ते बोलले. तिनंही "ओके आबा, शार्प एट" म्हणून फोन ठेवला. आजोबांचं कोणतं काम असेल, याची तिला काय कल्पना.

बुधवारी सकाळी गाडी हायवेला लागल्यावर जगन्नाथरावांनी सांगायला सुरुवात केली. ती एवढ्या चुकीच्या टोकाकडून केली, की पहिली दहा मिनिटं अनयाला वाटलं, ते कोणा मित्राच्या बहिणीबद्दल बोलताहेत. मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला.

"वेट. आबा, यू हॅव अ सिस्टर? अलाइव्ह?"

"हो."

"आणि डॅडला माहीत नाही?"

"नाही."

जगन्नाथरावांना वाटलं, हिनं चिडावं, म्हणजे बरं होईल. पण ती नुसती रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिली, आणि मग म्हणाली, "सांगा ना. फ्रॉम द बिगिनिंग."

सुरुवात अशी, की आसावरीला अमेरिकेत आणली ती जगन्नाथरावांनीच. सत्तर साली. अप्पांचा, म्हणजे त्यांच्या वडिलांचा विरोध होता. मिरजेत शाळामास्तर असलेल्या माणसानं वीस वर्षांची मुलगी सातासमुद्रापार पाठवायची म्हणजे काय. जगन्नाथनं शब्द दिला, मी आहे ना, माझी जबाबदारी. ती इथं लायब्ररी सायन्स शिकायला लागली. पहिलं वर्ष झकास गेलं. दर शनिवारी ती बसनं दादाकडे यायची, पिठलं-भात करायची आणि आठवडाभराच्या गप्पा एका दमात सांगून टाकायची. दुसऱ्या वर्षी तिची वेणी सुटली, चपला सुटल्या, आणि बरोबरची पोरं-पोरीही तशीच, झिपरी, गिटारवाली. हिप्पी. जगन्नाथनं डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं. वय आहे, उतरेल, असं त्यानं स्वतःला समजावलं.

उतरलं खरं, पण भलतीकडे. त्या हिप्प्यांमध्येच एक टोळकं होतं. केस तसेच लांब, गिटार तीच, राहणं तसंच दहा-वीस जणांचं एका घरात. फक्त गांजा गेलेला आणि हातात बायबल आलेलं. बहात्तर सालच्या उन्हाळ्यात आसावरी त्यांच्यात गेली. या लोकांना नाव काय द्यावं, याचा सगळ्यांनाच प्रश्न पडला होता. पेपरवाले त्यांना 'जीझस पीपल' म्हणत. टायकोट घालून चर्चला जाणारे लोक त्यांना 'रस्त्यावरचे ख्रिश्चन' म्हणून दाराबाहेर उभे करत, कारण त्यांच्या पायांत जोडे नसत. आणि त्यांचे जुने हिप्पी सोबतीच त्यांना हिणवून म्हणत, 'जीझस फ्रीक'. हे शेवटचं नाव सगळ्यांत जास्त चाललं. फ्रीक म्हणजे चक्रम, डोक्यानं सटकलेला.

जगन्नाथनं ते नाव पहिल्यांदा ऐकलं कारखान्याच्या गेटवर. शिफ्ट सुटायच्या वेळेला तो आणि त्याच्या ऑफिसातला एक ड्राफ्ट्समन बाहेर पडत होते. गेटपाशी चार-पाच जण पत्रकं वाटत होते. त्यांत आईच्या जुन्या इरकली लुगड्याचा घागरा शिवून घातलेली एक सावळी मुलगी होती, अनवाणी. ड्राफ्ट्समन म्हणाला, "बघ, जीझस फ्रीक. आता इंडियातूनसुद्धा यायला लागले." आणि हसला. जगन्नाथही हसला. आसावरीनं पत्रक पुढं केलं होतं आणि ओठांवर 'दादा' शब्द आला होता, तो तिनं तसाच गिळला. भाऊ तिच्या पुढून निघून गेला.

हे सांगताना जगन्नाथराव थांबले. अनयानं गाडीतला पाण्याचा थर्मास त्यांच्या हातात दिला.

"बट आबा, जीझस फ्रीक तर लोक प्राउडली म्हणतात. माझ्या कॉलेजमध्ये एका मुलीच्या लॅपटॉपवर स्टिकर होतं."

"तेव्हा शिवी होती," जगन्नाथराव म्हणाले. "मी ती अप्पांना कळवली."

पत्रात त्यांनी तो शब्द देवनागरीत लिहिला होता, आणि कंसात त्याचा अर्थ. आपल्या जबाबदारीतून आपण सुटलो, असं त्यांना ते पत्र पेटीत टाकताना वाटलं होतं. मिरजेला एवढ्या फोडणीची गरज नव्हती. त्यांच्याकडे एकच शब्द होता आणि तो पुरेसा होता. आसावरी बाटली. अठरा दिवसांनी अप्पांचं उत्तर आलं, चार ओळींचं. आम्ही उभयतांनी तिच्या नावानं आंघोळ केली. तूही करावीस. यापुढं पत्रात तिचा उल्लेख नको.

माणूस मेलं की आंघोळ करायची, ही आपल्याकडची रीत. जिवंत माणूस मेलं असं ठरवायचं असलं, तरी हीच रीत. अनयाला हे कळायला वेळ लागला. "लाइक, ए फ्युनरल? फॉर अ लिव्हिंग पर्सन?" हो, तसंच. आणि ही रीत जगन्नाथनं कुठं पाळावी, तर अमेरिकन अपार्टमेंटमधल्या टबात, शॉवरखाली, प्लॅस्टिकचा पडदा ओढून. शुभाताई बाहेरून म्हणत होत्या, अहो, असं करू नका, ती एक पोर आहे. त्यांनी नळ आणखी मोठा सोडला. रडू आलं असेल तर ते पाण्यात गेलं. न आलं असेल तर त्याचाही काही पुरावा राहिला नाही.

त्यानंतर आठवड्याभरातच तिचा फोन आला, कुठल्याशा रस्त्यावरच्या बूथवरून. तिला त्या लोकांनी लेक मिशिगनमध्ये बुडवून बाप्तिस्मा दिला होता. "दादा, इतकं हलकं वाटतंय ना मला. तू यायला हवा होतास. पाणी गार होतं, पण मी पोहले." त्यांनी ठरवून ठेवलेलं वाक्य म्हटलं. "आम्ही सगळ्यांनी तुझ्या नावानं आंघोळ केली आहे. पुन्हा फोन करू नकोस." तिनं फोन ठेवला नाही. यांनीही ठेवला नाही. बूथमधली नाणी संपेपर्यंत दोघंही ऐकत राहिले, आणि मग लाइन आपोआप तुटली.

अप्पा पंच्याऐंशी साली गेले, आई त्यानंतर दोन वर्षांनी. त्यानंतर तर कोणाची भीती नव्हती. पण एकदा बहीण तापानं मेली म्हणून सांगितलं, की तिला पुन्हा जिवंत कशी करायची? ज्या बायकांनी ओवाळलं, त्यांना काय सांगायचं? म्हणून ते चालवत गेले. एक वर्ष चाललं की दुसरं चालतं.

"आता काय करणार तिथं जाऊन?" अनयानं विचारलं. यात टोमणा नव्हता, तिला खरंच कळत नव्हतं.

"तिनं ओळखलं पाहिजे मला," जगन्नाथराव म्हणाले. "मग 'चुकलं माझं' एवढं म्हणायचंय. तिच्या कानावर पडलं की झालं."

ग्रँड रॅपिड्सच्या पुढं, सरोवराच्या बाजूला, सफरचंदांच्या बागांमध्ये ते घर होतं. मोठं, लाकडी, पांढरा रंग पोपडे धरलेला. एके काळी चाळीस जण राहत होते म्हणे. आता सात उरले होते आणि सगळे सत्तरीच्या पुढचे. डेल दारातच उभा होता. पांढऱ्या केसांचा शेपटा पाठीवर, कानात यंत्र, आणि पायांत अजूनही जोडे नाहीत. त्यानं जगन्नाथरावांचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

आत शिरल्या शिरल्या खुंटीवर एक निळं डेनिमचं जाकीट टांगलेलं होतं, कोपरांवर विरलेलं. त्याच्या पाठीवर रंगीत दोऱ्यानं मोठी इंग्रजी अक्षरं भरलेली होती. जीझस फ्रीक. जगन्नाथरावांनी चष्मा सरसावला. साखळी टाका. अक्षरांच्या कडेला गव्हाची नक्षी, आई उशांच्या अभ्र्यांवर घालायची तशीच.

"हे तिनंच भरलंय," डेल म्हणाला. "त्र्याहत्तरच्या थंडीत. लोक आम्हाला हे नाव शिवीसारखं फेकून मारायचे. चर्चवालेही आणि आमचे जुने दोस्तही. आसा म्हणाली, फेकलंयच तर आपण ते उचलून अंगावर घालू. सगळ्यांना एकेक भरून दिलं तिनं. फ्रीक तर आम्ही आधीपासूनच होतो, त्या काळी लांब केसवाले सगळे स्वतःला फ्रीकच म्हणवून घ्यायचे. फक्त कोणाच्या मागं वेडे, ते बदललं."

म्हणजे ज्या शब्दाचं ओझं जगन्नाथरावांनी अर्धशतक वाहिलं, त्यानं तिला ओरखडासुद्धा आला नव्हता. तिनं तो पाठीवर मिरवला होता. क्षणभर त्यांना सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच ते वाटणं ओसरलं. शब्दानं नाही लागलं, तर मग काय लागलं ते उघडच होतं.

डेलनं त्यांना स्वयंपाकघरात बसवलं. "वर जाण्याआधी एक सांगायचंय," तो म्हणाला. त्याला ते जड जात होतं. त्यांच्या प्रार्थनेत एक जुनी रीत होती. अंगात देव संचारला की माणूस अनोळखी भाषेत बोलू लागतं, तिला ते 'टंग्ज' म्हणत. कोणी तसं बोलू लागलं, की बाकीच्यांनी मध्ये बोलायचं नाही, हात लावायचा नाही. भोवती बसायचं, ऐकायचं, देवाचे आभार मानायचे. आसावरीला ते कधी आलं नव्हतं. पन्नास वर्षांत एकदाही नाही. तिला त्याचं वाईट वाटायचं.

"स्ट्रोकनंतर पाचव्या दिवशी ती बोलायला लागली," डेल म्हणाला. "आम्हाला वाटलं, शेवटी तिला ते मिळालं. आम्ही रोज तिच्याभोवती बसायचो. तीन आठवडे."

"पण ती इंडियन आहे," अनया इंग्रजीत म्हणाली. "तिला तिची भाषा असणार, हे तुमच्या लक्षात नाही आलं?"

"ती कधी बोलली नाही ती भाषा. एक शब्द नाही. विचारलं, की म्हणायची, ती भाषा जुन्या घरीच राहिली." डेलनं खिशातून फोन काढला. "मी रेकॉर्ड केलंय. आम्ही पुन्हा पुन्हा ऐकायचो. मला फक्त सांगा, काय म्हणतेय."

जगन्नाथरावांनी तो आवाज ऐकला. जाड झालेला, एका बाजूनं घरंगळणारा, पण तिचाच. मागं कोणी हळू आवाजात गात होतं.

"पाठ दुखते हो. कोणीतरी कुशीवर वळवा. अहो, पाठ दुखते. तहान लागलीय. दादाला बोलवा ना. दादा इथं जवळच राहतो. पाठ फार दुखते. कोणी ऐकतंय का?"

मागून चार-पाच आवाज एकदम म्हणाले, "हालेलुया."

जगन्नाथरावांनी फोन उलटा ठेवला. डेल त्यांच्याकडे आशेनं बघत होता. त्याला काहीतरी गोड सांगून वेळ मारून नेणं सहज शक्य होतं, आणि खोटं सांगण्यात जगन्नाथरावांचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण त्यांना संताप आला होता. त्यांनी वाक्यामागून वाक्य इंग्रजीत सांगितलं, पाठीचं, तहानेचं, सगळं. डेलचा चेहरा खाली खाली गेला. त्यानं टेबलाची कड धरली, आणि "ओ लॉर्ड" एवढंच म्हणाला.

या लोकांना चार शिव्या हासडाव्यात असं जगन्नाथरावांच्या मनात आलं, आणि ते जागीच विरलं. ही येडी माणसं तीन आठवडे तिच्या उशाशी बसून तरी होती. तिची भाषा येणारा तिचा सख्खा भाऊ तीन तासांवर भाऊबीजेचा हॉल बुक करत होता.

अनया एव्हाना जिना चढून वर गेली होती. ते पोहोचेपर्यंत तिनं आसावरीला कुशीवर वळवलं होतं, पाठीमागं आणि गुडघ्यांमध्ये उशा दिल्या होत्या. पाठीवरच्या जखमा बघून तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. जगन्नाथरावांनी खुर्ची ओढून घेतली. पांघरुणातून एवढासा चेहरा दिसत होता. कापलेले पांढरे केस, आणि अप्पांचं नाक. डावा डोळा उघडा होता आणि त्यांच्याकडे बघत होता.

"बरं वाटतंय का आता?" त्यांनी विचारलं.

तिच्या चेहऱ्याची चांगली बाजू हलली. "काका, तुम्हाला मराठी येतं?"

"येतं."

"किती दिवसांनी कोणी बोललं. ही माणसं चांगली आहेत हो, पण यांना काही समजत नाही. मी बोलले की रडतात, हात वर करतात. तुम्ही मिरजेकडचे का?"

"आसावरी, मी दादा आहे."

"कोणाचे?"

"तुझा. जगन्नाथ."

तिनं त्यांच्याकडे नीट बघितलं, आणि हसली. लहान मुलाची थापही कौतुकानं ऐकून घेणारी माणसं हसतात, तशी. "दादा एवढा म्हातारा नाही हो. दादाचे केस काळेभोर आहेत." मग हसू गेलं. "आणि तो यायचा नाही. त्यानं आंघोळ केलीय माझ्या नावानं."

जगन्नाथरावांनी पुन्हा प्रयत्न केला. "कृष्णाघाटावर तुला पोहायला मी शिकवलं. कमरेला सुका भोपळा बांधून. तू घाबरून माझ्या दंडाला चावली होतीस."

आसावरीचा डोळा चमकला. "हे तुम्हाला दादानं सांगितलं? म्हणजे माझ्याबद्दल बोलतो तो?"

त्यांच्यानं 'नाही' म्हणवेना. "बोलतो," ते म्हणाले. आयुष्यभर बोललेल्या खोट्यात आणखी एकाची भर पडली. मग त्यांनी तिचा डावा हात धरला आणि ज्यासाठी आले होते ते म्हणून टाकलं. "चुकलं माझं, आसावरी. फार चुकलं."

"तुमचं काय चुकलं, काका?" ती समजूत घालावी तसं म्हणाली. "तुम्ही आलात ना."

शब्द म्हणून झाले होते, तिच्या कानावरही पडले होते, आणि ज्याच्याकडून जायला हवे होते त्याच्याकडून ते गेलेच नव्हते. अनया दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिला मराठी बोलता येत नसे फारसं, पण समजायचं सगळं. डेल आणि बाकीची म्हातारी मंडळी एकेक करून आत आली होती आणि भिंतीला धरून उभी राहिली होती. डेलनं त्यांना खाली सगळं सांगितलं असावं, कारण कोणी गात नव्हतं. एक बाई चमचा आणि पाण्याचा पेला घेऊन आली होती.

जगन्नाथरावांनी चमच्यानं पाणी पाजलं. आसावरी चार चमचे प्यायली. मग म्हणाली, "काका, दादाला एक निरोप द्याल?"

"देईन."

"म्हणावं, मी मेलेली नाही. जिवंत आहे. एवढंच सांगा. तो विसरला असेल."

डेल दबक्या आवाजात म्हणाला, "काय म्हणाली? आम्हाला सांगा. काहीही असो. या वेळी आम्हाला ऐकायचंय."

जगन्नाथराव त्या सगळ्यांकडे वळले. त्यांनी ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. "ती म्हणते, मी मेलेली नाही. मी जिवंत आहे."

त्या सहा-सात थकलेल्या चेहऱ्यांवर काय उमटलं ते बघवत नव्हतं. डेलनं डोळे मिटले आणि "आमेन" म्हणाला. ती पेलावाली बाई भिंतीला धरून खाली बसली आणि रडायला लागली, आनंदानं. एकानं दोन्ही हात वर केले. त्यांना वाटलं, आसानं जाता जाता त्यांच्या सगळ्या आयुष्याची साक्ष दिली. जगन्नाथरावांनी त्यांना थांबवलं नाही. पन्नास वर्षं चेष्टा सोसून त्यांनी जे धरून ठेवलं होतं, ते हिसकावून घ्यायचा त्यांना काय अधिकार होता?

"यांना काय झालं?" आसावरीनं विचारलं.

"तू जिवंत आहेस, असं मी सांगितलं त्यांना."

"यांना कशाला? दादाला सांगा."

"त्याला माहीत आहे."

तिचा डोळा त्यांच्या चेहऱ्यावर स्थिर झाला. "माहीत आहे? कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग आला का नाही?"

भिंतीपाशी लोक देवाचे आभार मानत होते. दारातून अनया आजोबांकडे बघत होती, गाडीत बघितलं नव्हतं तसं. जगन्नाथरावांनी बहिणीचा हात सोडला नाही.

"लाज वाटली त्याला," ते म्हणाले. "आधी तुझी वाटली. मग इतकी वर्षं गेली, की स्वतःची वाटायला लागली."

ते तिला पुरेसं वाटलं नाही, हे तिच्या कपाळावरच्या आठीवरून दिसत होतं.

"एवढंच?" तिनं विचारलं.

"एवढंच," जगन्नाथराव म्हणाले.